अनुसयामायची जागा

खड्डा कमरेइतका झाला होता. तेवढ्यात मालकानं, गावच्या बड्या जमीनदारानं, पहिला दगड आत टाकला.

"वर ये. हितं गाडायचं न्हाई."

खड्ड्यात ज्ञानोबा होता. स्वतःच्या आईसाठी खणत होता. दगड त्याच्या पायाशी पडला. त्यानं मान वर केली. मालकाकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची पास्टर.

अनुसयामाय बाभळीच्या सावलीत बाजेवर होती, पांढऱ्या चादरीखाली. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेली बाई. नवरा याच मसणवट्यात पुरलेला. त्याच्या शेजारीच आम्ही खणत होतो. "मला धन्यापाशी ठिवा," एवढंच ती मागून गेली होती.

"मालक, तिचा सगळा जन्म ह्या गावात गेला," मी म्हणाले.

"गेला असंल. पण देव बदलला न्हवं? आता त्यालाच जागा माग."

मागं उभी असलेली माणसं हसली. त्यात एक जण होता, ज्याच्या बायकोला बाळंतपणात मी परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तिला रक्त मिळेपर्यंत बाकड्यावर बसून होते. तोही हसला.

मी याच गावच्या मांगवाड्यातली. गंगाखेडकडं ऊस तोडायला गेले, तिथं पाचटाच्या कोपीवर बायांची येशूची प्रार्थना ऐकली. तापानं फणफणलेल्या माझ्या डोक्यावर एका बाईनं हात ठेवला होता. त्याआधी माझ्या डोक्यावर तसा हात कुणी ठेवला नव्हता. त्या हातामागं मी गेले. पुढं मीच हात ठेवणारी झाले. रविवारी पत्र्याच्या खोलीत मंडळी जमते, टाळ्या वाजतात, बाया मोठ्यानं रडून मोकळ्या होतात. बाकीचे दिवस दवाखाना, बाळंतिणी, दारू सोडवायला आणलेले नवरे आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं.

त्यात मालकाची आईही होती. गाव तिला मोठीआई म्हणायचं. पाठीला जखमा झालेल्या, वास यायचा. सुना नाकाला पदर लावायच्या. मला बोलावणं आलं. मी गोठ्यातून, मागच्या दारानं जायचे. जखमा धुवायचे, कूस बदलायचे, लुगडं बदलायचे. निघाले की माझी पाठ वळायच्या आत उंबऱ्यावर बादली ओतली जायची. पाण्याचा आवाज ऐकत मी घरी यायचे आणि स्वतःला सांगायचे, ही सेवा आहे, सेवेत मान बघायचा नसतो. हे मी मंडळीलाही शिकवत होते.

मोठीआई माझं बोट धरायची. "ते गाणं म्हण की गं." मी हळू आवाजात येशूचं गाणं म्हणायचे. मालक ओसरीवर बसून ऐकायचा. त्याला माहीत होतं सगळं.

तोच आता म्हणाला, "सगळ्या गावासमोर हात जोड. म्हण, प्रार्थना बंद करते. आत्ताच्या आत्ता जागा देतो."

ऊन चढलं होतं. चादरीवर माशा बसत होत्या. माझे हात उचलले गेले. सवयीचे हात. मालकापुढं जन्मभर जोडलेले. माझ्या आईचे, आजीचेही असेच.

ज्ञानोबा खड्ड्यातून बोलला, "ताई, नका. माय उठून बसंल माझी."

मी हात खाली घेतले.

"न्हाई," मी म्हणाले.

एवढाच शब्द. मालकाला तो कळायला वेळ लागला. मग दगड पडू लागले. ज्ञानोबा वर आला आणि नवऱ्याशेजारची ती जागा आमच्या डोळ्यांदेखत बुजली.

आम्ही तिला टेम्पोत घातलं. परभणीच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेलं. पिंगळीच्या पुढं रस्ता खराब. प्रत्येक धक्क्याला तिचं डोकं माझ्या मांडीवर हलायचं, जणू ती नको नको म्हणत होती. अनोळखी नावांच्या मधे तिला ठेवलं. ज्ञानोबा परत येताना एकच बोलला, "बाप वाट बघंल."

ते वाक्य माझ्यासोबत जेवायला बसतं. प्रार्थनेत डोळे मिटले की आधी ते येतं.

थोड्या दिवसांनी मालकाचा फोन आला. "म्हातारी तुझंच नाव घ्यायलीय. जखमा लय वाढल्यात. ये."

मी गेले. या वेळी समोरच्या दाराशी उभी राहिले.

"मागून ये," मालक म्हणाला.

"न्हाई, मालक. आता ह्याच दारानं येईन."

"मग जा."

आतून मोठीआईचा आवाज आला. "आली का गं? गाणं म्हण की."

मी अंगणातूनच म्हणाले. हळू नाही, गल्लीला ऐकू जाईल असं. मालकानं दार लावून घेतलं. तरी शेवटपर्यंत म्हणाले. मग वळले.

आठवडा झाला नसेल, मोठीआई गेली. तिला तिच्या मळ्यात अग्नी दिला, सगळं गाव होतं. मी घरात बसून धूर बघितला. तिच्या जखमा कुणी धुतल्या असतील, हे मी कुणाला विचारलं नाही. मी चुकले नाही. तरी भर दुपारी भांडी घासताना ती हाक येते, आणि मी हात तसेच धरून उभी राहते.

आमच्या मंडळीत धोंडिबाबा आहेत, वयानं फार थकलेले. परवा प्रार्थना संपल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, मला बी टेम्पोत घालून नेशील का?"



"न्हाई, बाबा. तुमी ह्याच गावात राहणार."

"आन् त्यायनं येऊ दिलं न्हाई तर?"

"तर तुमची बाज चावडीम्होरं ठेवू. तहसीलदार येऊ द्या, पोलीस येऊ द्या. जागा मिळंपर्यंत बाज हालणार न्हाई. मीबी हालणार न्हाई."

ज्ञानोबा भिंतीशी टेकून बसला होता. तो उठला आणि माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

सेवा मी सोडलेली नाही. पण सेवेत मान बघायचा नसतो, हे मी आता कुणालाही शिकवत नाही.