बावडेकर काका आणि मी बंद पाडलेली बस

मी भरल्या सभागृहात खोटं बोलले, आणि बावडेकर काकांनी ते खोटं शेवटपर्यंत सांभाळलं.

काका रविवारी गेले. आज फ्युनरल होममधून आले आणि कोटही न काढता हे लिहायला बसले आहे.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मिशिगनमध्ये ट्रॉयजवळच्या आमच्या छोट्या शहरात ते आमच्यापासून चार घरं सोडून राहायचे. मूळचे सांगलीचे, वीज मंडळातून रिटायर झालेले. काकू गेल्यावर मुलाने ग्रीन कार्ड करून इकडे आणलं. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. काकांना ड्रायव्हिंग येत नव्हतं, आणि आमच्याकडे गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही.

पण काका घरात बसणाऱ्यातले नव्हतेच.

आजूबाजूची पाच-सहा शहरं मिळून एक बससेवा चालवायची. आदल्या दिवशी फोन केला की छोटी बस दारात हजर. त्या बसने काका लायब्ररीत जायचे, गुडघ्याच्या फिजिओला जायचे, इंडियन स्टोअरमधून गवार आणायचे. त्यातली निम्मी माझ्या दारात ठेवायचे. माझी लेक ओरडायची, "आई, काका लेफ्ट बीन्स अगेन!"

मग वाद पेटला. आपल्या शहराने या एकत्र सेवेतून बाहेर पडायचं का?

लॉनवर पाट्या लागल्या. एका घरापुढे 'बाहेर पडा', शेजारच्या घरापुढे 'राहा'. टॅक्स भरायचा आम्ही आणि बसणार कोण, असं लोक उघड म्हणायला लागले. "हे बाहेरून येतात, वर आई-बापांनाही आणतात, आणि त्यांना फिरवायचं आम्ही." हे नेबरहुड ग्रुपवर वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

आमच्या मराठी ग्रुपवरही जुंपली. कोणी म्हणे बस हवीच. कोणी म्हणे आपल्याकडे दोन-दोन गाड्या, आपल्याला काय करायचंय? शेवटी सिटी कौन्सिलच्या पब्लिक हिअरिंगला, म्हणजे लोकांचं म्हणणं ऐकायच्या सभेला, मला पुढे केलं. "तू बोल यार, तुझं इंग्लिश भारी आहे."

मी नुकतीच सिटिझन झाले होते. अंगात वारं शिरलं होतं.

माइकसमोर उभी राहून मी म्हणाले, "आमच्या समाजातल्या एकाही म्हाताऱ्या माणसाला ही बस लागत नाही. आमच्या आई-वडिलांना आम्ही स्वतः ड्राइव्ह करतो. आम्ही कोणावर भार नाही. बाहेर पडायचं तर खुशाल पडा."

टाळ्या पडल्या.

काका तिसऱ्या रांगेत होते. टाय लावून, हातात लिहून आणलेला कागद. ते त्याच बसने आले होते.

ते बसने फिरतात हे मला चांगलं माहीत होतं. पण त्या क्षणी मला फक्त 'हे लोक भार नाहीत' एवढं सिद्ध करायचं होतं.

माझ्यानंतर त्यांचंच नाव पुकारलं, मोडूनतोडून. काका अर्धवट उठले. "नो, थँक यू," म्हणाले आणि परत बसले.

मीटिंग संपल्यावर एका गोऱ्या गृहस्थाने माझा हात हातात घेतला. "तुमच्यासारखीच माणसं हवीत इथे." खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

काकांना माझ्या गाडीतून घरी आणलं. वाटेत विचारलं, "काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

"कसा बोलणार गं? मला बस लागते म्हटलं असतं, तर तू खोटी पडली असतीस सगळ्यांसमोर."

"मग बसचं काय?"

"बघू. चालतंय."

कौन्सिलने बाहेर पडायचं ठरवलं. दोन महिन्यांत बस बंद झाली. माझ्या एकटीच्या भाषणाने नसेल झाली. पण तेवढं म्हणून झोप लागत नाही.

त्यानंतर काका गराजचं दार उघडं टाकून आतल्या आत फेऱ्या मारताना दिसायचे. टोपी, मफलर, थंडीतही. मी गाडीतून हात करायची, तेही करायचे. फिजिओ सुटलं, कारण मुलाला 'रजा घे' म्हणायला ते तयार नव्हते.

एकदाच त्यांनी मला विचारलं. "शनिवारी लायब्ररीकडे जाणार आहेस काय?"

"या शनिवारी लेकीची कॉम्पिटिशन आहे काका. पुढच्या आठवड्यात नक्की. मी फोन करते."

मी फोन केला नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

काका हार्टने गेले, त्याचा बसशी संबंध नाही, असं त्यांचा मुलगा मला दोनदा म्हणाला. बिचारा माझीच समजूत घालत होता.

आज तिथे एक उंच, साठीची बाई आली होती. ती त्या बसची ड्रायव्हर, हे तिनेच सांगितलं. काका नेहमी तिच्या मागच्याच सीटवर बसायचे. मी काकांपासून चार घरं सोडून राहते म्हटल्यावर तिने मला ओळखलं.

"बस बंद होताना मला त्यांचीच काळजी वाटत होती," ती म्हणाली. "पण ते म्हणाले, काळजी करू नकोस, शेजारी मुलीसारखी एक आहे, ती मला हवं तिथे नेते. ती तूच ना?"

काकांचा मुलगा शेजारी उभा होता. तो खाली बघायला लागला.

मी म्हणाले, "हो."

तिने मला मिठी मारली. "थँक यू. देवमाणूस होता, त्याला तू एकटं पडू दिलं नाहीस."

मी म्हणाले, "त्यात काय एवढं."

घरी येईपर्यंत तिचा नंबर घ्यायचंही सुचलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे, सगळ्यांसमोर, जसं तेव्हा सगळ्यांसमोर बोलले होते.

श्रद्धांजलीचे नेहमीचे शब्द लिहायला हात धजत नाही. नुसता नमस्कार करते.

काका, मी तुम्हाला कुठेच नेलं नाही.