फळ्याचा तिसरा कोपरा

आमच्या घरात देव नव्हता, भूत नव्हतं, आणि मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थांबत नव्हतं. बाबांना काहीही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला, "तू पाहिलं का?" असा माणूस एका संध्याकाळी कचेरीच्या कामावरून, मझौली गावाहून स्कूटरवर घरी आला, चहाचा कप हातात तसाच धरून बसला आणि म्हणाला, "आज आकाशात काहीतरी पाहिलं मी. काय होतं ते समजून नाही राहिलं."

आई हसली. मग बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने हसू आवरलं.

झालं होतं ते एवढंच. दिवस मावळताना, शेतांच्या मधल्या रस्त्यावर त्यांना मोहाच्या झाडांवर एक नारिंगी उजेड दिसला. लांबट, दुधी भोपळ्यासारखा. तो थांबला. बाबाही थांबले. मग तो आडवा सरकत गेला आणि दिसेनासा झाला. आवाज अजिबात नव्हता.

खरं तर गोष्ट चहाबरोबर संपायला हवी होती. पण बाबांनी ती आमच्या भागातल्या, अधारतालच्या मुख्य रस्त्यावर पानवाल्याला सांगितली, आणि पुढच्या दोन दिवसांत ते 'उड़न तश्तरी वाले बाबूजी' झाले. रिक्षावाले थांबवून विचारत, "बाबूजी, अंदर कोई बैठा था?" शेजारच्या दीदींनी तर ते देवाचं विमानच होतं असं ठरवून प्रसाद पाठवला. बाबा वैतागले. चेष्टा त्यांना सोसत होती, पण असा आयता विश्वास मुळीच सोसत नव्हता.

खरी अडचण विहारात झाली. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी वंदना झाली की बाबा मुलांचा वर्ग घेत. विदर्भातून इकडे हिंदी मुलखात आलेल्या घरांतली आम्ही पोरं, अर्धी मराठी, अर्धी हिंदी बोलणारी. वर्गाची रीत अशी होती, की प्रत्येकाने आठवडाभरात ऐकलेली एक गोष्ट आणायची. पिंपळावरची चुडैल, लिंबातून निघणारं रक्त, काहीही. मग सगळ्यांनी मिळून ती तपासायची. फळ्यावर दोन मोठे भाग होते, 'खरं' आणि 'खोटं'. खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन, 'माहीत नाही'. तो कायम रिकामा असायचा. आम्हाला त्याची लाजच वाटायची, कारण तिथे काही लिहायचं म्हणजे तपासात हरल्यासारखं होतं.

विहाराचे अध्यक्षकाका निवृत्त शिक्षक, स्वभावाने कडक. ते घरी आले आणि उभ्यानेच म्हणाले, "तुमीच असं बोलान तं पोट्टे काय शिकतीन? आयुष्यभर अंधश्रद्धा काढून राहिलो आपण, अन् तुमी उडत्या तबकड्या आणून राहिले. भ्रम झाला म्हणा, विषय संपवा. नाही तं वर्ग दुसऱ्या कोणाले द्यावा लागीन."

"मी कुठं म्हणून राहिलो का दुसऱ्या ग्रहावरून कोणी आलं?" बाबा म्हणाले. "उडत होतं अन् ओळखीचं नव्हतं, एवढंच म्हणतो. पाहिलं ते नाही पाहिलं कसं म्हणू?"

तो वर्ग म्हणजे बाबांचा जीव होता. कचेरीत ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. रविवारी मात्र पांढरा सदरा घालून खडू हातात घेतला की वेगळेच दिसत. वर्ग गेला तर हा माणूस रविवारी काय करेल, या काळजीने मला जेवण जाईना. एक 'भ्रम झाला' म्हणायला यांचं काय जातं, असंही वाटे.

त्या रविवारी बाबा फळ्यापुढे उभे न राहता आमच्यात चटईवर मांडी घालून बसले. म्हणाले, "आज गोष्ट मी आणली. तपासा." अध्यक्षकाका मागे खुर्चीवर होते.

आम्ही त्यांना अजिबात सोडलं नाही. चष्मा लावला होता का? विमान असेल? मग आवाज काहून नाही आला? लग्नातला कागदी कंदील असेल? बाबा म्हणाले, "शेतातला धूर एकीकडे जाऊन राहिला होता, अन् तो उजेड उलट्या बाजूनं. कंदील वाऱ्याच्या उलट जाईन का?" आणखी कोणी पाहिलं? कोणीच नाही. 

"लिहा खोटं," अध्यक्षकाका म्हणाले. "पुरावा नाही."

त्या दिवशी खडूची पाळी माझी होती. मी उठले आणि सरळ 'खरं'च्या खाली हात नेला. माझे बाबा खोटं बोलत नाहीत, मला तेवढं पुरेसं होतं.

"थांब," बाबा म्हणाले. "मी तुझा बाप आहो म्हणून लिहून राहिली का?"

माझे डोळे भरून आले. मागून एक मुलगी म्हणाली, "खरं लिहायले पुरावा नाही, तं खोटं लिहायले तरी कुठं आहे?" मी खाली बसून त्या रिकाम्या चौकोनात लिहिलं, 'मझौलीचा उजेड'. बाबांचा चेहरा असा खुलला, की मी पहिल्या नंबराने पास झाले तेव्हाही तो तसा खुलला नव्हता.

अध्यक्षकाका उठले. दारापाशी चपला घालता घालता म्हणाले, "अच्छा, पुढच्या रविवारी मी एक आणतो. लहानपणी गावच्या विहिरीवर पाहिलं होतं. कोणाले सांगितलं नाही आजवर." वर्ग बाबांकडेच राहिला.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. मी आता शहराच्या दुसऱ्या भागात, राइट टाउनमध्ये राहते. माझ्या लेकीला मराठी कळते, बोलताना मात्र ती हिंदीकडेच वळते. फळ्याची गोष्ट तिने आजोबांकडूनच ऐकलेली. पुण्यानुमोदनाला आलेल्यांनी तिला सांगितलं होतं, नानाजी तारा बन गए. त्या संध्याकाळी गच्चीवर तिने विचारलं, "मम्मी, ये सच है?"

"खोटं," मी म्हणाले. बाबांनी हेच सांगितलं असतं.

"फिर कहाँ गए?"

मी आकाशाकडे पाहत राहिले. उत्तर होतं माझ्याकडे. "माहीत नाही, बेटा."

 ती माझा हात धरून, अडखळत, मराठीत म्हणाली, "म्हणजे कोपऱ्यात. त्या उजेडाच्या बाजूला."