लेआमावशीची अकरा मतं

माझी मावशी, लेआ ब्रिंकरहॉफ, हिने आयुष्यात अकरा वेळा मत दिलं. मी एकदाही नाही. मी एकोणिसाव्या वर्षी लग्न करून मोकळी झाले, आणि आमच्या न्यू जर्सीत बाईला मत होतं ते ती बिनलग्नाची किंवा विधवा असली तर, आणि तेही तिच्या नावावर काही असलं तर. मावशीच्या नावावर नदीकाठचं शेत होतं. स्वातंत्र्याच्या लढाईच्या दिवसांत इंग्रजांच्या टोळीने तिच्या नवऱ्याला गोठ्यातून उचलून नेलं आणि न्यूयॉर्कच्या कैदेत तो तापाने गेला. तेव्हापासून ती एकटीच शेत बघायची. मताचा विषय निघाला की म्हणायची, "फार महाग पडलं मला ते." थट्टेने म्हणायची नाही.

१७९७ साली आमच्या गावातच मतपेटी आली, बाजारातल्या खाणावळीत. दर ऑक्टोबरात सफरचंदं उतरवून झाली की दोन दिवस मतदान. अ‍ॅडम्सवाले आणि जेफरसनवाले, हे दोन पक्ष तेव्हा एकमेकांच्या उरावर बसायच्या बेतात असत. सख्खे भाऊ चर्चमध्ये बाक बदलून बसत. एरवी आम्हा बायकांना रस्त्यात ओळख न देणारे पुढारी त्या दोन दिवसांत विधवांच्या दारी हात जोडून उभे. एका पक्षाची बंद घोडागाडी यायची, दुसऱ्याचा गवताचा छकडा. मावशी कुणाच्याच गाडीत बसली नाही. पहाटे गाई पिळून, स्वच्छ टोपी घालून, स्वतःच्या अक्षरात उमेदवारांची नावं लिहिलेली चिठ्ठी घेऊन दोन मैल चालत जायची.

वाटेत ओढ्यापाशी गेरिट हारिंग भेटायचा. पलीकडचा शेतकरी, सफरचंदाच्या रसाचा घाणा होता त्याचा. दोघं एकाच शाळेत एकाच गुरुजींचा मार खाल्लेली. तो कट्टर अ‍ॅडम्सवाला आणि मावशी कट्टर जेफरसनवाली, त्यामुळे दोन मैल नुसती जुंपलेली असायची.

"लेआ, तुझं मत माझ्या मताला खाणार, माझं तुझ्या. त्यापेक्षा दोघंही घरी बसू," तो म्हणायचा.

"तू बस. मी जाऊन येते," मावशी म्हणायची.

येताना खाणावळीतले तळलेले गोड गोळे दोघं एकाच पुडीतून खात यायची. गाव बघायचं. गावाला काय, दुसरं काम नव्हतं.

गेरिटची बायको नव्व्याण्णव साली गेली. दोन वर्षांनी, जेफरसन निवडून आला त्या वसंतात, त्याने मावशीला मागणी घातली. मी तेव्हा तिच्याकडे बाळंतपणाला होते, म्हणून सगळं माझ्या कानावर आलं. मावशीला तो आवडत होता. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, तिनेच मला सांगितलं, चुलीपुढे बसून, पंचेचाळीस वर्षांची बाई मुलीसारखी लाजत. पण लग्न केलं की शेत त्याचं होणार आणि मत जाणार. इथे डचांचं राज्य होतं तेव्हा आमच्या डच पणज्या लग्नानंतरही आपल्या नावाने जमीन विकत घेत, खटले लढवत. मग इंग्रज आले आणि त्यांच्या कायद्याने बायको नवऱ्यातच जमा झाली. आम्ही इंग्रजांच्या राजाला हाकललं, पण त्याचा हा कायदा मात्र जपून ठेवला.

गेरिट तसा सरळ माणूस. शेत तुझंच राहील असा कागद करून देतो म्हणाला. दोघं वकिलाकडे गेली. वकील म्हणाला, शेताचा कागद होईल, मताचा होत नाही. बाई एकदा बायको झाली की तिचं मत नवऱ्याच्या मतातच आलं. मावशीने विचारलं, "याच्या मतात माझं कसं येईल? हा अ‍ॅडम्सवाला आहे." वकील हसला. गेरिटसुद्धा हसला, आणि मला वाटतं ते हसणंच तिला लागलं.

तिने नाही म्हटलं नाही. थांब म्हटलं. तिचा हिशेब साधा होता. आधी राजा गेला, मग विधवांना मत मिळालं, मग गावोगाव पेट्या आल्या. दर काही वर्षांनी काहीतरी पुढे सरकतंय, तर आता लग्न झालेल्या बायकांची पाळी. "चार निवडणुका, गेरिट. फार तर पाच. मग आपण दोघं नवराबायको म्हणून जाऊ आणि एकमेकांविरुद्ध मत देऊ." मीही मान डोलावली. तेव्हा आम्हा सगळ्यांनाच असं वाटायचं, की हे राज्य आपलं आहे आणि पुढेच जाणार. आज त्या मान डोलावण्याची मला लाज वाटते.

गेरिट चार निवडणुका थांबला. ओढ्यापाशी भेटायचा, भांडायचा, पुडीतले गोळे खायचा. पाचव्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं, घरात भाकरी भाजायला कुणी उरलं नाही, आणि त्याने शेजारच्या गावच्या एका विधवेशी लग्न केलं. बाई चांगली होती. तिचंही मत गेलं, पण ते तिच्या लक्षातसुद्धा आलं नसावं. मावशीने लग्नाला लोणी पाठवलं, स्वतः गेली नाही.

मग १८०७. शेजारच्या जिल्ह्यात कचेरी कुठे बांधायची यावरून मतदान झालं आणि त्यात नुसता गोंधळ. माणसांपेक्षा चिठ्ठ्या जास्त निघाल्या. पुरुषांनीच घागरे नेसून दोनदोनदा मतं टाकली असं लोक सांगत. यावर विधानसभेने उपाय काय काढावा? बायकांचं मत काढून घेतलं. काळ्या माणसांचंही काढलं. आणि यात मावशीचे जेफरसनवालेच पुढे. माझ्या नवऱ्याने वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं तेव्हा मावशी आमच्याकडे जेवायला होती. तिने त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, परत कधी मिळेल असं कुठे लिहिलंय का? तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या ऑक्टोबरात ती तरीही गेली. मी नको म्हटलं, मग सोबत गेले. पेरो पिपेवाला, स्वतःचं घर असलेला काळा माणूस, दरवर्षी तिच्या मागेपुढे रांगेत असायचा. तो त्या दिवशी आपल्या दारात बसून पिंपाला कडं ठोकत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

खाणावळीत टेबलामागे यादी घेऊन व्हान ऑर्डनांचा धाकटा बसला होता. याच मुलाने पूर्वी मावशीच्या दारी छकडा आणला होता. तो उठून उभा राहिला आणि नरमाईने म्हणाला, "काकू, तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण मी काय चूक केली ते सांग."

"तुम्ही काहीच नाही केलं, काकू. मी तरी काय करू? नावच नाही यादीत."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. मावशी भांडणात कधी हरली नव्हती. पण समोर भांडायला कुणीच नव्हतं, सगळे हळहळत होते. तिने चिठ्ठी मुठीत धरली आणि बाहेर आली.

बाहेर रांगेत गेरिट उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. साठीकडे झुकलेला माणूस, डोळे ओले झालेले. त्याने हात पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाला, "दे ती चिठ्ठी. माझ्याऐवजी तुझी टाकतो. कुणाला कळणार नाही."

त्या माणसाने आयुष्यात जेफरसनवाल्यांना एक मत दिलं नव्हतं. मला वाटलं, आता ही देईल.

मावशी त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझं मत तू द्यायचंस, हेच मला नको होतं रे. त्यासाठीच मी तुला थांब म्हटलं होतं."

आतून व्हान ऑर्डनांच्या मुलाने गेरिटचं नाव पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारलं. मागचे लोक पुढे सरकायला लागले, तेव्हा तो आत गेला.