लेकीच्या रक्ताचा शब्द

बेकरीवाले बोलू लागले की समोरच्या फुटपाथवरची माणसं वळून बघत. भांडण नव्हे हो, ते बायकोकडे चहा मागत असत. त्यांच्या घराण्यात चाळिशी उलटली की कान दगा देत. आजोबांचे गेले, वडिलांचे गेले, आता यांचे निघाले होते. लोक पीठ मळायच्या यंत्राला बोल लावीत.

एकदा मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई बेकरीत आल्या. म्हणाल्या, "हे यंत्रामुळे नसावं, रक्तातून येत असावं. घरातल्यांचं रक्त तपासलं, तर जनुकात कुठे बिघाड आहे ते कळेल. औषध लगेच नाही निघणार, पण पुढे कुणाच्या तरी कामी येईल."

बेकरीवाले हरखले. पावाची ऑर्डर घ्यावी तसं म्हणाले, "रविवारी सगळं घर हजर." घरजावयालाही धरलं त्यात.

"जावईबापूंचं नको, ते रक्ताचे नाहीत."

"कमाल करता. इतकी वर्षं माझाच पाव खातोय की तो."

लेक गाणं शिकवायची. जेवताना तिने ऐकलं आणि हातातला घास खाली ठेवला. "बाबा, माझ्या रक्ताचा शब्द तुम्ही कसा दिलात? कान जाणार हे आजच कळलं, तर सूर लावताना मला दुसरं काही सुचेल का?"

बेकरीवाल्यांचा चेहरा पडला. घेतलेली ऑर्डर त्यांनी जन्मात मोडली नव्हती. पण सकाळी भट्टी उतरली तशी त्यांनी हॉस्पिटल गाठलं. "माझं रक्त हवं तेवढं घ्या. लेकीचं तिला विचारा. बाप आहे मी तिचा, मालक नव्हे."

"चूक माझीच," बाई म्हणाल्या. "तिलाच विचारायला हवं होतं. आणि रक्त दिलं तरी निकाल ऐकलाच पाहिजे असं नाही. नको म्हणाली तर नाही सांगणार."

घरी येऊन त्यांनी हे जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे चक्क गप्प बसले. बायकोला वाटलं, यांना बरंबिरं नाही की काय.

चार दिवसांनी लेक आपणहून म्हणाली, "देते मी. कुणाच्या पोरांचे कान वाचले तर वाचू देत. पण निकाल नको. आणि तुमचा निकाल कळला तर माझ्याबद्दल बोलायचं नाही हं."

"मी? माझ्या तोंडात तीळ तरी भिजतो का, पोरी?"

रविवारी दोघांनी रक्त दिलं. बेकरीवाल्यांना खरं तर भारी उत्सुकता होती, तरी उठता उठता ते बाईंना म्हणाले, "माझाही निकाल तुमच्यापाशीच असू द्या."

लेक हसली, आणि त्यांचा हात धरून जिना उतरू लागली.