साडूंची शब्दतपासणी

भिवंडीच्या मागांवर आजवर निघालेल्या कापडात जेवढे दोष सापडले नसतील, तेवढे आमच्या साडूंनी एकट्याने इंग्रजी बोलणाऱ्यांच्या जोरकस शब्दांत काढले आहेत. 'व्हेरी', 'ऑफुली', 'सुपर' असे जे शब्द माणूस साध्या बोलण्याला जोर यावा म्हणून पुढे लावतो, त्यांच्यावर साडूंची पाळत असते. हा छंद त्यांना कॉलेजात लागला नाही. कॉलेज त्यांनी बाहेरूनच पाहिलं. धामणकर नाक्याजवळच्या एका निर्यातवाल्याकडे ते तीस वर्षं कापड तपासायला होते. खालून दिवा लावलेल्या काचेवरून तागा ओढायचा, तुटलेला धागा दिसला की खडूने खूण करायची आणि शेवटी माल फ्रेश म्हणजे निर्दोष, सेकंड की चिंधी ते ठरवायचं, हे त्यांचं काम. परदेशातून तक्रारीचं पत्र आलं की तेही साहजिकच त्यांच्याच टेबलावर यायचं, आणि तेही ते तितक्याच बारकाईने तपासायचे.

त्यातूनच त्यांना पहिला शोध लागला. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाने आपण 'सुपर डिसअपॉइंटेड' असल्याचं कळवलं तेव्हा शेठना दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि पुढच्याच महिन्यात त्या गिऱ्हाइकाने दुप्पट माल मागवला. लंडनच्या एका म्हाताऱ्याने मात्र आपण 'रादर डिसअपॉइंटेड', म्हणजे जरासे नाराज, आहोत एवढंच लिहिलं. शेठ निर्धास्त राहिले, आणि म्हाताऱ्याने पुन्हा कधी एका पत्राला उत्तर दिलं नाही. तेव्हापासून साडूंनी वही उघडली. 'ऑफुली' इंग्लंडातल्या जुन्या माणसांत अजून फ्रेश, तरुणांत सेकंड. 'विकेड', म्हणजे तिकडचं 'लय', बॉस्टनकडे रोजच्या वापरातला. 'हेला' त्याच अर्थाचा, पण कॅलिफोर्नियाबाहेर नेल्यास रंग जातो. 'व्हेरी' सगळीकडे धुऊन धुऊन विरलेला, सबब चिंधी. 'लिटरली'पुढे नुसता शेरा आहे: माल परत करावा. मी एकदा विचारलं की या वहीचा उपयोग काय, तर ते माझ्याकडे बघत राहिले. सेकंड मालाला कुणी फ्रेश म्हटलं की ते असंच बघत.

दुसऱ्यांचे शब्द असे तपासता तपासता त्यांनी स्वतःपुरते सगळेच बाद केले. हात तसा मुळातच आखडता. मुलगी पाहायला गेले तेव्हा पसंतीबद्दल 'हरकत न्हाय' एवढंच म्हणाले होते, आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ते अजून विसरलेल्या नाहीत. आमच्या घरच्या लग्नात जो तो जेवण लय भारी झालं म्हणत होता. साडू आचाऱ्याजवळ जाऊन गंभीरपणे म्हणाले की मीठ बरोबर आहे. आचारी दिवसभर अस्वस्थ होता.

त्यांची एकुलती एक मुलगी सुप्रिया नर्स होऊन दोन वर्षांच्या करारावर इंग्लंडात लीड्सला गेली. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा आणि साडू तिच्या बोलण्यातून तिची हालहवाल काढायचे. सुरुवातीला तिथे 'व्हेरी कोल्ड' होतं. सहा महिन्यांनी 'राइट कोल्ड' झालं. हा त्या भागातलाच शब्द, म्हणजे पोरगी आता तिथल्या लोकांबरोबर डबा खाते, असं त्यांनी ताईंना सांगितलं. मग एका रविवारी ती 'प्रॉपर टायर्ड' असल्याचं म्हणाली. साडूंनी फोन ठेवून वही मिटली. तिथल्या नवीन पोरांचा शब्द तिच्या तोंडात बसला होता, तोही दमलेली असताना, म्हणजे विचार न करता. "ती आता परत येत न्हाय," ते म्हणाले.

करार संपत आला होता आणि वाढवायचा की नाही हे तिला महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं. ताईंनी तिला परत ये म्हणून सांगितलं होतं, पण आईचं ते म्हणणं असतंच. बापाने एकदा म्हटलं असतं तर ती आली असती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. साडूंनाही होतं. त्यांची अडचण निराळीच होती. आठवण येते हे नुसतं कसं सांगायचं, त्याच्यापुढे काहीतरी हवं. आणि 'खूप' मालिकावाल्यांनी वापरून टाकलेलं, 'जाम' रिक्षातल्या उकाड्याला लागणारं, 'लय' दुकानांच्या पाट्यांवर, 'अतिशय' शोकसभेतलं. फ्रेश माल मिळेपर्यंत थांबायची त्यांना आयुष्यभराची सवय. तीन रविवार त्यांनी लीड्सच्या हवेवर काढले.

चौथ्या रविवारी ताईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. "भावोजी, आज यांना बोलतं करा," एवढं सांगून त्या माझ्या शेजारीच बसल्या. फोन आला, स्पीकरवर हवेचं बोलून झालं, जेवणाचं विचारून झालं. मी साडूंना कोपराने ढोसलं. त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"सुप्रिया, तुझ्याबिगर करमत न्हाय गो."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, हे मागच्या रविवारी का नाही बोललात? मला वाटलं, तुमचं बरं चाललंय. मी परवाच सही करून दिली. अजून एक वर्ष."

साडू म्हणाले, बरं. तब्येतीला जप म्हणाले. त्या क्षणी मला त्यांचा राग आला, आणि फोन ठेवल्यावर ते बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत राहिले तेव्हा फार वाईटही वाटलं. ताई चहा टाकायला उठल्या.

आता या गोष्टीला काही महिने झाले. परवाच्या रविवारी मी तिथेच होतो. फोन लागल्या लागल्या, हवापाणी विचारायच्याही आधी, साडू म्हणाले, "करमत न्हाय गो."

"मागच्या रविवारीपण हेच म्हणालात, पप्पा," ती हसून म्हणाली.

साडूंनी थोडा विचार केला.

"हो," ते म्हणाले, "या आठवड्यात पण न्हाय करमलं."