खुर्चीजवळ प्लगपॉइंट हवा

ड्रमवाले सुधाकरराव, पुण्यात गुडघे कसे आहेत? बेस गिटारवाले रफीकभाई, हुबळीला डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे. आता तारा नीट दिसतात ना? आणि आमच्या गायिका शीलाताई, जेऊरच्या हवेत खोकला थांबला का? माझं म्हणाल तर साखर वर, दात कमी, बाकी ठणठणीत.

आपले गिटारवाले नरसूअण्णा पंचाहत्तरीत आले. गौरवग्रंथाच्या संपादकांनी लेख मागितला. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला पत्रच लिहिता येतं, ते गोड मानून घ्यावं. हा ग्रंथ समारंभाच्या महिनाभर आधी घरोघर जाणार आहे, म्हणून सगळ्यांच्या देखत तुम्हालाच लिहितो.

अण्णांची नि माझी पहिली गाठ दुकानात पडली. वैरागहून येऊन मी नुकतंच बस्तान मांडलं होतं. खांद्यापर्यंत केस वाढवलेले अण्णा गिटार घेऊन आत आले.

"ह्याचा आवाज मोठा करून द्या की."

"किती मोठा?"

"माग चालू असताना आईला ऐकू यायला पाहिजे."

त्यांच्या मातोश्री यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरत. तिथल्या खडखडाटातच बँडची तालीम चाले, म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार नको. मी पुस्तकं चाळत, हात भाजून घेत अ‍ॅम्प्लिफायर बनवला. पहिल्याच दिवशी मातोश्रींनी वळून पाहिलं, तेलुगूत काही बोलल्या. अण्णांनी मराठी करून सांगितलं, "म्हणत्यात, आलं ऐकू. आता कामाला लाग."

मग नाट्यगृहातला पहिला कार्यक्रम! मागांशिवाय तुम्ही कधी वाजवलंच नव्हतं. मी सवयीनं आवाजाचं बटण कारखान्यातल्याच खुणेवर नेऊन ठेवलं. अण्णांनी तार छेडली मात्र, पहिल्या रांगेतल्या अध्यक्षांचा चहा थेट धोतरावर! लोक उठू लागले. कुणीतरी ओरडलं, "ओ, गाणं हाय का पत्रे ठोकताय?" अध्यक्ष म्हणाले, "भावगीत येत असेल तर थांबतो."

पडद्यामागं मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. अण्णांनी माइक हातात घेतला. "आवाजाची चूक माझी. बटण मीच फिरवलं. आवाज कमी करतो, गाणं मात्र हेच. दारं उघडी हायत."

सात माणसं उरली. त्या सातांसाठी अण्णांनी अख्खा कार्यक्रम वाजवला, आणि बटण कुणी फिरवलं होतं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. आज मीच सांगतो.

हे संगीत आपलं नव्हे, असं ऐकवणारे पुढंही भेटले. अण्णांनी गाणी बांधली ती चार-चार दिवसांआड येणाऱ्या नळावर आणि कारखान्याच्या पाळीच्या भोंग्यावर. म्हणत, "खडखडाट आमच्या घरचाच हाय. कुठनं आणला म्हणून काय विचारता?" चाल सुचत नसली तरी ते कधी हिरमुसले नाहीत. "धागा तुटला म्हणून कुणी माग मोडतं का? गाठ मारायची. दिसली तर दिसू दे."

गेल्या वर्षीच्या आजारात अण्णांच्या डाव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. सत्कार समितीनं ठरवलं, अण्णांनी खुर्चीत बसावं, शाल-श्रीफळ घ्यावं. भाषणं आपण करू. निरोप घेऊन मीच गेलो. अण्णा जुन्या मागाच्या लोखंडी नळीचा तुकडा करंगळीत घालून तारांवरून सरकवत होते. बोट न वळवता सूर निघत होता. घसरत होता, पण फिरून ठिकाणावर येत होता. मान वर न करता म्हणाले, "शाल न्हाय दिली तरी चालंल. खुर्चीजवळ प्लगपॉइंट द्या."

"अण्णा, पण डॉक्टर..."

"डॉक्टरांनाबी पास द्या की."

मी समितीला कळवून टाकलं, प्लगपॉइंट नसेल तर माझं भाषणही नसेल. समिती हसली. म्हणाली, "साथीला कोण? या वयात कोण येतंय?" घोडं तिथं अडलंय.

अण्णांना शंभरी लाभो, अंगात जोर राहो, हे मागणं आहेच. पण ती वर्षं त्यांनी शाल पांघरून काढावीत, हे मी देवाकडेसुद्धा मागणार नाही. जुना अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून ठेवलाय. या खेपेला बटण उघडउघड माझ्या हातात असेल. पहिल्या रांगेनं चहा आधीच पिऊन घ्यावा.

सुधाकरराव, रफीकभाई, शीलाताई, "येतो" एवढंच लिहा, पण उलट टपाली लिहा. तुमची तिन्ही पत्रं मला समितीच्या टेबलावर ठेवायची आहेत.