‘बरंय’ म्हटलं आणि दवाखाना गेला

कल्याणजवळ मोहन्याला, आमच्या चाळीपाशी दर बुधवारी दवाखाना भरायचा. खोली महापालिकेची, डॉक्टर आणि गोळ्या एका संस्थेच्या, आणि आजार आमचे. ह्याला भागीदारी म्हणतात, हे नव्वदच्या सुमारास कळलं, कारण तिचं मूल्यमापन करायला साहेबलोक आले. आणि मूल्यमापन करणार कोण? तर म्हणे आम्ही! माझी तर छातीच फुगली.

सासूबाईंना टीबी होता. निम्मा कोर्स झालेला, निम्मा राहिलेला. मधे खंड पडला की डॉक्टर ओरडायचे, आणि गोळ्या आल्याच नाहीत की तेच म्हणायचे, “पुढच्या बुधवारी या.” हे साहेबाला ऐकवायचंच, असं ठरवून मी सभेला गेलेले.

सतरंज्या, चहा, बिस्किटं, सगळा थाट. एक बाई माईक घेऊन प्रत्येकीपुढे वाकायची. “दवाखाना कसा वाटतो?” आता आमच्याकडे अंगात ताप असला तरी पाहुण्याला माणूस ‘बरंय’ म्हणतो. पहिली म्हणाली, “बराय.” दुसरी म्हणाली, “बराय.” सासूबाई आधी पदरात खोकल्या आणि मग म्हणाल्या, “लई बराय.”

मी कोपराने ढोसलं. “आई, गोळ्यांचं बोला की!”

“गप गं. चहा पाजलाय त्यांनी. शोभतं का?”

माईक माझ्यापर्यंत आलाच नाही. साहेब उठले. वस्ती पूर्ण समाधानी आहे म्हणाले, तेव्हा आता दवाखाना जास्त गरजू वस्तीत हलवू. भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या असतात, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. सासूबाईंनीपण.

मी उभी राहून ओरडले, “अहो, मग सासूबाईंच्या गोळ्या?”

“कल्याणला मिळतील, ताई. प्रश्नोत्तरं झाली आता.”

वा रे वा! परीक्षक आम्ही आणि नापासही आम्हीच.

मग कल्याणच्या खेपा सुरू झाल्या. बसमध्ये उभं राहायचं, तिकडे रांगेत उभं राहायचं, तपासण्या पुन्हा पहिल्यापासून. नवरा कारखान्यात पाळीवर, त्यामुळे न्यायला मी एकटी. एकदा सासूबाई स्टॉपवर जाता जाता रस्त्यातच बसल्या.

“सूनबाई, नको गं नेऊस मला. दम लागतो.”

हाताला धरून उठवायला गेले, तर हात नुसती काडी. मी भर रस्त्यात रडले आणि त्या साहेबाला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. त्यानंतर गोळ्या सुटल्याच.

त्या वर्षी गणपतीत आमच्याकडे सुतक होतं.